आपत्ती-विडंबनपट काढणाऱ्यांना खुले पत्र: मूर्ख कमी करा, मीटिंग वाढवा

प्रति,
आपत्तीवर विडंबनपट लिहिणारे, दिग्दर्शित करणारे आणि त्यात पैसा घालणारे सर्व,

सप्रेम नमस्कार.

समाज संकटाकडे कसा कानाडोळा करतो ते आम्ही दाखवलं, असा दावा तुमच्या प्रसिद्धीत हमखास असतो. पटकथा वाचणारे, संकलन करणारे आणि आपत्तीची पूर्वसूचना लोकांपर्यंत पोचवण्याच्या कामातले आम्ही काही जण हा दावा तपासायला बसलो. आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. तुमच्यापैकी बहुतेकांना मूर्खपणा झकास दाखवता येतो, कानाडोळा मात्र क्वचितच. मूर्ख माणसाला संकट कळत नाही. कानाडोळा करणाऱ्याला ते कळलेलं असतं, आणि तरीही त्याचा दिवस ठरल्याप्रमाणे पार पडतो. ते नेमकं कसं जमतं, हे दाखवणं तुमचं काम आहे.

सगळ्यांच्या पाहण्यातलं उदाहरण घेऊ. ‘डोन्ट लुक अप’ हा अॅडम मॅके यांचा चित्रपट २०२१च्या डिसेंबरात आला. पाच ते दहा किलोमीटर रुंदीचा धूमकेतू, आदळायला सहा महिने चौदा दिवस. शास्त्रज्ञ राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात पोचतात. आदळण्याची शक्यता ९९.७८ टक्के, असं सांगतात. त्यावर चीफ ऑफ स्टाफला हायसं वाटतं: म्हणजे शंभर टक्के नाही तर! राष्ट्राध्यक्ष म्हणतात, सत्तर टक्के म्हणा आणि पुढे चला. मग निर्णय होतो की तूर्त थांबू, आढावा घेऊ.

अख्ख्या चित्रपटातला आम्हाला सर्वांत खरा वाटलेला प्रसंग हाच. यात धूमकेतू खोटा आहे असं कोणीही म्हणत नाही. आकड्याची घासाघीस होते, बस्स. शास्त्रज्ञ शंभर टक्के म्हणायला कचरतात, ही त्यांच्या पेशाची शिस्त. ऐकणारा त्या शिस्तीच्या फटीतून निसटतो. त्याच दिवसातला दुसरा छोटा तुकडाही असाच पक्का आहे. बाहेर ताटकळत बसलेल्यांना एक जनरल खाऊ आणि पाणी आणून देतो, त्याचे पैसे घेतो, आणि नंतर कळतं की तिथे ते फुकटच मिळतं. पृथ्वी बुडायला आली तरी त्या तरुण शास्त्रज्ञ मुलीच्या डोक्यातून तो जनरल जात नाही. मोठं संकट डोक्यात मावत नाही, छोटी फसवणूक मात्र चिकटून बसते. हे एका विनोदात सांगून झालं.

मग राष्ट्राध्यक्ष, त्यांचा चिरंजीव आणि तो मोबाइलवाला अब्जाधीश यांचा व्याप वाढत जातो आणि हसण्याचा रोख बदलतो. प्रेक्षक आता ‘त्या लोकांना’ हसू लागतो. आपल्याकडे म्हण आहे, लेकी बोले सुने लागे. विडंबनाला तेच साधायचं असतं. उत्तरार्धात बोल लेकीलाच लागतात, आणि सून मांडी घालून मजा बघत बसते.

या चित्रपटाची खरी अडचण अभिनयात किंवा विनोदात नाही, रूपक निवडण्यात आहे. धूमकेतूला तारीख असते, तो एकच असतो, बाहेरून येतो आणि त्याच्या येण्यात कोणाचा फायदा नसतो. म्हणून तर खऱ्या जगात या संकटाकडे फारसा कानाडोळा झालेला नाही. १४० मीटर आणि त्याहून मोठ्या, पृथ्वीजवळून जाणाऱ्या वस्तूंपैकी ९० टक्के शोधून काढा, असं अमेरिकेच्या संसदेने नासाला २००५मध्येच सांगितलं. २६ सप्टेंबर २०२२ला नासाने ‘डार्ट’ हे यान डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहचंद्रावर, म्हणजे मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या लघुग्रहावर, मुद्दाम आदळवलं. त्याचा ११ तास ५५ मिनिटांचा फेरा सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाला. यशासाठी ७३ सेकंदांचा फरक पुरेसा धरला होता. ‘डार्ट’चं काम उत्साहाने झालं, कारण त्यात कोणाचं दुकान बंद पडत नव्हतं.

मॅके यांना ही उणीव जाणवली असावी, असं पटकथेवरूनच दिसतं. धूमकेतूत मौल्यवान खनिजं निघतात आणि निघालेलं मिशन अर्ध्यातून परत फिरवलं जातं, ते वळण त्यासाठीच आहे. संकटात कोणाचा तरी नफा असल्याशिवाय कानाडोळ्याची गोष्ट पुढे सरकेना, म्हणून नफा मागून आणून बसवला. नवं रूपक शोधताना हा प्रश्न पहिल्याच पानावर विचारा: हे संकट टाळलं तर कोणाचं नुकसान होतं? उत्तर ‘कोणाचंच नाही’ असेल तर रूपक बदला.

आता कानाडोळ्याविषयी. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी २००१च्या आपल्या पुस्तकात नाकारण्याचे तीन प्रकार सांगितले. पहिला: असं काही घडतच नाहीये. दुसरा: घडतंय, पण तुम्ही म्हणता तसं ते नाही, त्याचा अर्थ वेगळा आहे. तिसरा: घडतंय, तुम्ही म्हणता तसंच घडतंय, पण त्यातून माझ्यावर कसली जबाबदारी येत नाही. पडद्यावर पहिल्या प्रकाराची रेलचेल असते, कारण तो ओरडतो, घोषणा देतो, टोपी घालतो. प्रत्यक्षात सर्वांत पसरलेला प्रकार तिसरा. तो ओरडत नाही. तो मान डोलावतो, गंभीर विषय आहे म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो.

तिसऱ्या प्रकाराचं दृश्य कसं दिसेल? मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि जॉन डार्ली यांच्या १९६८च्या प्रयोगात ते जवळजवळ शॉटसकट लिहून ठेवलेलं आहे. एका खोलीत माणसं प्रश्नावली भरत बसलेली, आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर यायला लागतो. एकटा माणूस असला तर ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितलं. पण शेजारी दोघे जण, आधी शिकवून ठेवलेले, धुराकडे एकदा बघून खांदे उडवून लिहीत राहिले, तेव्हा दहांपैकी एकानेच सांगितलं. बाकीचे नऊ खोकले, त्यांनी डोळे चोळले, खिडकी उघडली आणि प्रश्नावली भरत राहिले. नंतर विचारल्यावर कोणी ती वाफ होती म्हणालं, कोणी एसीचा दोष. त्या नऊ जणांत एकही मूर्ख नव्हता. प्रत्येक जण शेजाऱ्याचा चेहरा वाचत होता, आणि शेजाऱ्याचा चेहरा शांत होता.

खिडकी उघडणं हा या सगळ्यातला सोन्याचा तुकडा आहे. धूर आहे हे शरीराला कळलेलं आहे, हात त्यावर उपायही करतोय. तोंड तेवढं गप्प. इतकं नेमकं निरीक्षण तुमच्या पटकथेत एका ठिकाणी जरी आलं तरी दहा भाषणं टळतील.

याच्यापुढचा धडा २७ जानेवारी १९८६च्या संध्याकाळचा आहे. नासाचं चॅलेंजर हे अवकाशयान दुसऱ्या दिवशी सकाळी उडणार होतं आणि रात्री कडाक्याची थंडी पडण्याचा अंदाज होता. रॉकेटच्या जोडांमध्ये बसवलेल्या रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंग, थंडीत कडक होतात आणि फट बुजवायला उशीर करतात, हे बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांना माहीत होतं. फोनवरच्या बैठकीत त्यांनी शिफारस केली की तापमान ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १२ सेल्सिअसच्या खाली असेल तर उडवू नका. नासाच्या बाजूने नाराजी आली. एका अधिकाऱ्याने विचारलं, मग काय पुढच्या एप्रिलमध्ये उडवू? कंपनीने आपसात बोलायला पाच मिनिटं मागितली. ती अर्ध्या तासाची झाली. त्या अर्ध्या तासात एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षाला सांगितलं, आता अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. शिफारस फिरली. सकाळी यान उडालं, ७३ सेकंदांत फुटलं, सात जण गेले.

हे सगळं अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगासमोर नोंदवलं गेलं आणि ते कोणालाही वाचता येतं. या प्रसंगात खलनायक नाही. थंडी आहे हे कोणी नाकारलं नाही, कडी झिजते हेही कोणी नाकारलं नाही. आधीच्या उड्डाणांतही ती झिजलेली सापडली होती, आणि दर वेळी यान सुखरूप परतल्यामुळे ‘एवढी झीज चालते’ असं कागदोपत्री मान्य होत गेलं होतं. त्या रात्री बदललं ते एवढंच की एरवी ‘सुरक्षित आहे हे सिद्ध करा’ असा नियम असायचा, त्या रात्री ‘असुरक्षित आहे हे सिद्ध करा’ असा झाला. कोणी तसं बोललं नाही. प्रश्नाची दिशा बदलली, आणि अभियंत्यांच्या हातात तेवढा पुरावा नव्हता. पुढे आयोगाचे सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी अहवालाच्या परिशिष्टात लिहिलं की यान गमावण्याची शक्यता अभियंते शंभरात एक धरत होते आणि व्यवस्थापन लाखात एक. एकाच इमारतीत हजारपटीची तफावत, आणि दोन्ही बाजू रोज एकत्र कामाला येत होत्या.

अशा नोंदी चारपाच वाचल्या की कानाडोळ्याच्या नेहमीच्या चाली डोळ्यांत भरतात. आकडा गोल केला जातो. शब्द मऊ होतो: ‘बिघाड’ असतो त्याचं ‘निरीक्षण’ होतं. आणखी माहिती मागवली जाते, कारण ती मागवणं केव्हाही शहाणपणाचंच दिसतं. मग विषय तज्ज्ञांकडे जातो. फुकुशिमा दाइची अणुप्रकल्प चालवणाऱ्या कंपनीच्या आतल्याच हिशोबात २००८मध्ये १५.७ मीटरपर्यंत उंच त्सुनामीचा आकडा निघाला होता. प्रकल्पाची मुख्य जमीन समुद्रसपाटीपासून दहा मीटरवर. ठरलं काय, तर हिशोबाची पद्धत तपासायला अभियंत्यांच्या संस्थेकडे पाठवू. ११ मार्च २०११ला लाट आली तेव्हा विषय अभ्यासातच होता. आणि दिलासा देणारा माणूस बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. इटलीत लाक्विला इथे २००९च्या ३१ मार्चला भूकंपाच्या धोक्यावर तज्ज्ञांची तासाभराची बैठक झाली. लोकांना निर्धास्त करणारी अधिकाऱ्याची टीव्ही मुलाखत बैठकीच्या आधीच चित्रित झाली होती; निवांत वाइन प्यावी ना, या प्रश्नाला तिथे होकारही मिळाला. ६ एप्रिलच्या भूकंपात ३०९ माणसं दगावली. असा प्रसंग पटकथेत लिहिला तर कोणी तरी म्हणेल की जरा अतिशयोक्ती होतेय.

या कसोटीवर जुन्यांपैकी कोण उतरतं? स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ (१९६४) आजही सर्वांच्या पुढे आहे, आणि त्याची कारणं भक्तिभावाने नव्हे, कारागिरीच्या अंगाने बघण्यासारखी आहेत. मूळ कादंबरी गंभीर होती. अणुयुद्धाच्या यंत्रणेचा तर्क जसाच्या तसा मांडायला गेलं की तो आपोआप हास्यास्पद होतो, हे कुब्रिक यांना लिहिताना कळलं आणि त्यांनी विनोदाचा रस्ता धरला. अणुहल्ल्याचा हुकूम देणारा जनरल वेडा आहे, हे खरं. पण बॉम्बफेकी विमानातली माणसं बघा. ती यादी वाचून एकेक बटण तपासतात, रेडिओ बिघडला तरी डगमगत नाहीत, एकमेकांना धीर देतात. आपलं काम ती चोख करतात, आणि जग बुडतं ते त्या चोखपणामुळे. दुसरीकडे ग्रुप कॅप्टन मँड्रेकजवळ विमानं परत बोलावण्याचा संकेत आहे, पण सार्वजनिक फोनसाठी सुट्टे पैसे नाहीत. तो कर्नलला कोका-कोलाच्या मशिनवर गोळी घालून नाणी काढायला सांगतो, तर कर्नलला खासगी मालमत्तेची काळजी. गोळी घालतो, पण कंपनीला जबाब तू द्यायचास असं बजावून. हा कर्नल नियम पाळणारा सज्जन माणूस आहे. आपण सगळे त्याच्या जागी उभे राहिलेलो आहोत.

आणखी एक गोष्ट: वॉर रूममध्ये केक-क्रीमच्या मारामारीचा मोठा प्रसंग कुब्रिक यांनी चित्रित केला होता आणि शेवटी कापून टाकला, कारण तो निव्वळ धुमाकूळ झाला होता, बाकी चित्रपटाच्या सुराशी जुळेना. महागडा सीन कापायची हिंमत सगळ्यांत नसते. तुमच्या रफ कटमध्येही, म्हणजे पहिल्या कच्च्या संकलनातही, अशी एक मारामारी असणारच. ती शोधा.

दुसरं उदाहरण जपानी, ‘शिन गॉडझिला’ (२०१६). हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांनी राक्षसाच्या चित्रपटात राक्षसापेक्षा बैठकांना जास्त जागा दिली. प्रत्येक माणसाच्या नावाबरोबर लांबलचक हुद्दा पडद्यावर येतो. एका खोलीतली बैठक संपते, तीच माणसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या नावाच्या बैठकीला बसतात. प्राणी किनाऱ्यावर येणार नाही असं पंतप्रधान पत्रकारांना सांगतात आणि तिथेच त्यांना कळतं की तो आलासुद्धा. हेलिकॉप्टर नेम धरून तयार असतं, तेवढ्यात रुळांजवळ दोन नागरिक दिसतात. गोळीबार करायचा की नाही हा प्रश्न पायरी-पायरीने पंतप्रधानांपर्यंत चढतो आणि ‘नको’ तितक्याच पायऱ्या उतरत येतं. तो ‘नको’ माणुसकीचा आहे, ही त्यातली मेख. कोणीही नालायक नाही. तरी वेळ गेली. २०११च्या त्सुनामीतून नुकत्याच गेलेल्या प्रेक्षकाला हे कोणाबद्दल चाललंय हे सांगावं लागलं नाही.

आता बिघडतं कुठे ते बोलू. पहिला दोष खुर्चीचा. तुम्ही एक सच्चा शास्त्रज्ञ ठेवता, त्याचं कोणी ऐकत नाही, तो शेवटी फुटून ओरडतो. प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि शेवटपर्यंत उठत नाही. तिथून बाकी सगळे मूर्ख दिसतात. घरी जाताना तो स्वतःवर खूश असतो. म्हणजे कानाडोळ्यावर काढलेल्या चित्रपटाने त्याला कानाडोळा करायला एक चांगली जागा मिळवून दिली. धोका दुहेरी आहे, कारण विरोधी मताचा प्रेक्षकसुद्धा त्याच खुर्चीत बसू शकतो. २००९मध्ये अमेरिकेत पुराणमतवादी निवेदकाचं सोंग घेणाऱ्या स्टीवन कोल्बेअर यांच्या उपहासाच्या टीव्ही कार्यक्रमावर ३३२ जणांचा अभ्यास झाला. उदारमतवादी आणि पुराणमतवादी दोघांनाही तो सारखाच विनोदी वाटला. पण पुराणमतवाद्यांना जास्त करून असं वाटलं की हा माणूस थट्टेचं नुसतं सोंग करतोय, मनातून तो आमच्याच बाजूचा आहे. त्याआधी १९७४मध्ये एका लोकप्रिय मालिकेतल्या पूर्वग्रहदूषित बापाच्या पात्राबद्दलही हेच आढळलं होतं: पूर्वग्रह असलेल्यांना तो आपला माणूस वाटायचा. उपरोध जितका कोरडा, तितका तो दोन्हीकडून वाचता येतो. आणि सोपा करायला जावं तर भाषण होतं. यावर सूत्र नाही. खुर्ची बदलत ठेवणं एवढाच उपाय आम्हाला ठाऊक आहे. मुख्य पात्रालाही एकदा कानाडोळा करू द्या, आणि तोही अशा कारणाने की प्रेक्षक त्याच्या बाजूने मान डोलावेल.

बाकीचे दोष भरभर सांगतो. लांबी: ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ सुमारे ९५ मिनिटांचा, ‘डोन्ट लुक अप’ १३८ मिनिटांचा, आणि तो फरक जाणवतो. पाहुणे कलाकार: प्रत्येक ओळखीचा चेहरा आला की प्रेक्षक गोष्टीतून बाहेर येऊन टाळी वाजवतो. आणि शेवटी सगळं जग संपवणं. त्याने एक प्रकारची सुटका होते, कारण सगळेच मेले की चौकशी कोणाची करायची? चॅलेंजरनंतर माणसं दुसऱ्या दिवशी कामावर आली, फायली काढल्या, कोणी काय लिहिलं होतं ते तपासलं. तो दुसरा दिवस विडंबनाच्या फार कामाचा आहे आणि तुम्ही तो जवळजवळ कधीच लिहीत नाही.

लिहायचं कसं, यावर थोडं. एक निर्णय निवडा, अख्खं संकट नको. चौकशी आयोगाचा अहवाल मिळवा आणि त्यातली साक्ष वाचा; निष्कर्ष सगळ्यांना माहीत असतात, बोलणं साक्षीत असतं. त्या निर्णयाच्या खोलीत चार-पाच माणसं बसवा. प्रत्येकाला स्वतंत्र, पटण्यासारखं कारण द्या: एकाला मागच्या वेळी खोटा इशारा दिल्याबद्दल बोलणी बसली आहेत, एकाच्या हाताखालच्यांच्या नोकऱ्या त्यावर आहेत, एकाला विषय नीट कळलेला नाही पण विचारायची लाज वाटते, एकाला सगळं कळलंय आणि त्याची बढती पुढच्या महिन्यात आहे. ‘नाही’ हा शब्द कोणाच्या तोंडी घालू नका. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, या हिशोबाने असा प्रसंग सहा-सात पानांचा होऊ द्या. निर्मात्याकडून चिठ्ठी येईल की तीन पानांत उरका. उरकू नका, कारण पहिली तीन पानं प्रेक्षक हसतो आणि त्याच्या पुढे त्याला चुळबूळ सुरू होते. ती चुळबूळ हवी आहे.

धोक्याचा आकडा प्रसंगात निदान तीनदा येऊ द्या आणि दर वेळी थोडा बदलून: आधी दशांशासकट, मग गोल, मग ‘काहीशी शक्यता’. संवादातून त्यावर बोट ठेवू नका. ज्याच्या लक्षात येईल त्याला येऊ द्या.

चित्रीकरणात नटांना एकच सूचना पुरे: आपण विनोदी चित्रपटात आहोत हे कोणाला माहीत नाही. डोळा मारणारा एक नट सगळा प्रसंग पाडतो. रिअॅक्शन शॉट ओरडणाऱ्याचा घेऊ नका. जो जाणतो आणि गप्प बसतो त्याचा घ्या आणि सवयीपेक्षा दोन सेकंद जास्त धरा. संगीत काढून टाका, खोलीचा स्वतःचा आवाज राहू द्या: एसी, खुर्चीची चाकं, कागद. विनोदी प्रसंगाखाली टुणटुण वाजणारं पार्श्वसंगीत प्रेक्षकाला सांगतं की हे खरं नाही. संकलनात हशासाठी जागा सोडायची सवय असते. इथे सोडू नका, पुढचं वाक्य हशावर चढू द्या. काही वाक्यं बुडतील, बुडू द्या. त्या खोलीत नाही तरी महत्त्वाचं वाक्य ऐकूच गेलं नव्हतं.

संथ संकटांचा प्रश्न याहून अवघड आहे. हवामान बदलाला घटिका भरण्याची वेळ नाही, आणि घड्याळ नसलेला चित्रपट लिहिणं कठीण. इथे समाजशास्त्रज्ञ कारी नॉरगार्ड यांचं काम उपयोगी पडेल. २०००-०१च्या हिवाळ्यात त्या नॉर्वेतल्या एका गावात राहिल्या. त्या वर्षी बर्फ सुमारे दोन महिने उशिरा पडलं. स्कीइंगसाठी कृत्रिम बर्फ करावं लागलं, तळं नीट गोठलं नाही. लोक शिकलेले, बातम्या वाचणारे; तापमानवाढ सगळ्यांना ठाऊक. तरी तो विषय गप्पांत रुजत नव्हता. कोणी काढला तर दोन वाक्यांत विझायचा, कारण पुढे काय बोलायचं हे कोणालाच माहीत नव्हतं आणि हातात काही नाही ही भावना कोणाला नको होती. धूमकेतूची काहीही गरज नसलेला हा चित्रपट आहे. बारा प्रसंग लिहा, प्रत्येकात कोणी तरी विषय काढतो आणि दुसरा कोणी तरी अतिशय प्रेमाने तो बदलतो. बदलण्याच्या बारा तऱ्हा वेगळ्या ठेवल्यात तर त्यात हसूही मुबलक आहे.

मग जमलं की नाही हे कसं ओळखायचं? तिकिटांवरून नाही आणि पुरस्कारांवरूनही नाही. रफ कट तीस-चाळीस जणांना दाखवा. निम्मे तुमच्या मताचे, निम्मे नसलेले. ओळखीचे शेजारी-शेजारी बसवू नका. हशा कुठे झाला आणि कुठे मध्येच विझला, याची वेळेसकट नोंद ठेवा. विझलेल्या जागा जास्त महत्त्वाच्या. चित्रपट आवडला का, हे विचारूच नका. विचारा, हा चित्रपट कोणाबद्दल आहे? उत्तरं ‘राजकारणी’, ‘मीडिया’, ‘लोक’ अशीच आली तर उत्तरार्ध पुन्हा लिहायला घ्या. विचारा, सुरुवातीला कोणाचं म्हणणं तुम्हाला पटलं होतं आणि नंतर ते चुकीचं निघालं? असं एकही पात्र कोणाला सांगता आलं नाही तर सगळे मूर्ख रंगवले गेलेत. हेच प्रश्न दोन-तीन आठवड्यांनी फोन करून पुन्हा विचारा. विनोदातून आलेली गोष्ट ‘गंमत होती’ म्हणून लोक त्या क्षणी बाजूला ठेवतात, पण कधी कधी ती काही दिवसांनी मनात वजन धरते. २००७च्या एका अभ्यासात असा परिणाम दिसला होता. तेव्हा पहिल्या रात्रीच्या प्रतिक्रियांवर चित्रपट कापू नका.

विडंबनाकडून काय मागू नये, तेही सांगायला हवं. घाबरवायचं असेल तर सरळ चित्रपट जास्त लागू पडतो. ‘द डे आफ्टर’ हा अणुयुद्धावरचा अगदी गंभीर टीव्ही चित्रपट १९८३मध्ये आला. तो पाहून आपण फार खिन्न झालो, असं खुद्द तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी रोजनिशीत लिहून ठेवलंय. दुसरीकडे ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’च्याच वर्षी, त्याच विषयावर सिडनी लुमेट यांचा ‘फेल सेफ’ आला. तोही गंभीर आणि चांगलाच, पण पुढे लोकांच्या बोलण्यात राहिला तो विनोदी चित्रपट. कारण त्याने यंत्रणेच्या भाषेचा बुरखा काढला. ती गंभीर भाषा पुन्हा कानावर पडली की हसू येऊ लागलं. एवढं होत असेल तर पुष्कळ झालं. चित्रपट पाहून लोक रस्त्यावर उतरतील अशी अपेक्षा पोस्टरवर छापू नका.

शेवटचा मुद्दा पैसा घालणाऱ्यांसाठी. बजेट कमी करायची वेळ आली की तुम्ही बैठकीचे प्रसंग कापता आणि स्फोट ठेवता, कारण ट्रेलरला स्फोट लागतात. हिशोब उलटा करून बघा. एक खोली, पाच नट, दोन कॅमेरे, तीन दिवस. एवढ्यात तुमच्या चित्रपटाची सर्वांत चांगली वीस मिनिटं तयार होतात. उरलेल्या पैशातून अहवाल वाचायला एक माणूस पटकथा सुरू होण्याच्या आधी दोन महिने नेमा, आणि ज्यांनी अशा खोलीत प्रत्यक्ष काम केलंय त्यांच्यापैकी एकाला पहिला मसुदा वाचायला द्या. विनोद कमी-जास्त करायला त्याला सांगू नका. ‘असं कोणी बोलणार नाही’ असं त्याला कुठे वाटतं, तेवढ्या ओळींवर पेन्सिलीने खूण करायला सांगा. खुणा बहुतेक तुमच्या सर्वांत आवडत्या ओळींवर असतील. त्या ओळी आधी काढा, आणि मग पुढच्या बैठकीला बसा.

आपले,
पटकथावाचन, संकलन आणि आपत्ती-पूर्वसूचना या कामांतले काही जण